टापा, मलिदा आणि सांगावा

‘मलिदा’ या शब्दाची मराठीत पार अब्रू गेली आहे. रस्त्याच्या कंत्राटात कोणी किती मलिदा खाल्ला, बदल्यांच्या मोसमात कोणी लाटला, याखेरीज तो छापून येतच नाही. शब्द मुळात निरुपद्रवी. फारसीतल्या ‘मालीदन’ या क्रियापदाचा अर्थ चोळणे, कुस्करणे. त्याच्या एका रूपातून मालिश आली, दुसऱ्यातून मलिदा. पोळी किंवा रोट कुस्करून त्यात तूप-गूळ मुरवला की मलिदा तयार. तो पिराला चढवत आणि ऐपतदारांच्या पागेत घोड्यांनाही चारत. खुराक दुसऱ्याच्या खर्चाने आणि तुकतुकी मात्र आपल्या अंगावर, म्हणून पुढे लाचेला हे नाव पडले असावे, असा माझा तर्क. घोड्यांवर त्यात थोडा अन्याय होतो.

रायगडच्या किनाऱ्यावर या शब्दाचे सोवळे अजून शाबूत आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल भागातल्या बेने इस्राएल या यहुदी जमातीच्या घरांत ‘आज मलिदा आहे’ असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ घरात काही चांगले घडले आहे किंवा घडावे अशी मागणी आहे. लग्न ठरले, नवे घर झाले, दुखण्यातून माणूस उठला, परदेशी निघाला, की मलिदा. भिजवलेले पोहे, साखर, खवलेला नारळ, सुकामेवा एकत्र करून ताटात ढीग रचतात, भोवती फळे मांडतात, हिब्रू प्रार्थना म्हणतात, आणि ताट एलियाहू हनाबीच्या, म्हणजे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याच्या, नावाने वाटतात. यात कुस्करलेले असे काहीच नाही. फारसी नाव, कोकणातले पोहे, हिब्रू प्रार्थना आणि घरात बोलायला मराठी. एवढी सरमिसळ एका ताटात मावते आणि कोणाला त्यात खटकत नाही, हे मला त्या पदार्थापेक्षा चवदार वाटते.

बेने इस्राएल म्हणजे ‘इस्राएलची लेकरे’. त्यांची कथा किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे: नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, समुद्राने परत दिलेली प्रेते तिथेच पुरली. हे कधी घडले, याचे उत्तर सांगणाऱ्यागणिक बदलते. इसवी सनापूर्वी १७५ हे साल जास्त ऐकू येते. वाचलेल्यांनी घाणे घातले, तेल गाळले, गावांची नावे घेतली आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, दिवेकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये जमातीचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

या कथेत देवाघरचा पाहुणा दोनदा येतो. जहाज फुटल्यावर किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्यांना एलियाहूने जागे केले, ही पहिली भेट. पुढे कधीतरी तो खंडाळ्याला प्रकटला आणि तिथून रथातून आकाशात गेला, ही दुसरी. हे खंडाळे अलिबागजवळचे. घाटावरचे, थंड हवेचे नव्हे. तिथल्या खडकावर घोड्याच्या खुरांच्या आणि चाकांच्या खुणा दाखवतात. जागेचे नाव ‘एलियाहू हनाबीचा टापा’. टाप म्हणजे घोड्याचे खूर, आणि त्या खुरांचा आवाजही. मराठी कानाला हा शब्द शिवकाळातून ओळखीचा आहे, बहुधा धुरळ्यासकट. इथे त्याच्या पाठीवर बायबलमधला संदेष्टा बसला आहे.

बायबलमधल्या एलियाचे वैशिष्ट्य असे की तो मेला नाही. अहाब राजाच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला हा संदेष्टा अग्निरथातून वर नेला गेला. जो मेलाच नाही, त्याच्या येण्याजाण्याला अडकाठी नाही. म्हणून जगभरचे यहुदी सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी एक खुर्ची मांडतात, वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात. यहुदी गूढ परंपरा तर त्याला सांदलफोन नावाचा देवदूतच ठरवते. कोकणात त्याची खुर्ची आहेच, पण त्याहून मोठी त्याची ताटली आहे. आणि घरात तसबीरही असते: पांढरी दाढी, ज्वाळा, घोडे, रथ. मूर्ती आणि प्रतिमा निषिद्ध मानणाऱ्या धर्माच्या घरात ही तसबीर भिंतीवर कशी आली, हे शेजारच्या घरातल्या भिंतीकडे पाहिले की कळते.

‘हनाबी’ या शब्दातही शेजार आहे. हिब्रूत ‘ह’ म्हणजे तो अमुक, ‘नावी’ म्हणजे संदेष्टा. बगदादी यहुदीही ‘नाबी’ असाच उच्चार करतात, तेव्हा ‘ब’चे सगळे श्रेय कोकणाला देता येणार नाही, पण मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर ‘नबी’ हा अरबी शब्द रोज कानावर पडत असताना तो रुळायला अडचण आली नसेल. दोन्ही शब्द एकाच सामी धातूचे. त्याचा जुना अर्थ हाक मारणे असा धरतात. एलियाहूच्या दिवसाला इथे नाव पडले ‘एलियाहू हनाबीचा उरूस’. तो येतो शवात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौष किंवा माघातल्या पौर्णिमेला. बाकीच्या यहुद्यांसाठी तो झाडांचा नववर्षदिन. आणि ‘उरूस’ म्हणजे मुळात अरबीतले लग्न. पीर देह ठेवतो तेव्हा त्याचे ईश्वराशी लग्न लागते, ही त्यामागची कल्पना. न मेलेल्या संदेष्ट्याची पुण्यतिथी करता येत नाही, पण उरूस करता येतो. शब्द उसना घेताना लोक असे हिशेब करत बसत नाहीत, तरी कधीकधी हिशेब जुळतो.

संदेष्ट्याचे नाव झाले, आता देवदूताचे. हिब्रूत त्याला ‘मलाख’ म्हणतात, अरबीत ‘मलक’. मुळात त्याचा अर्थ ‘पाठवलेला’, निरोप्या. राजाने शेजारच्या राजाकडे धाडलेला जासूद हाही बायबलमध्ये मलाखच. त्याला पंख नाहीत. पंख आहेत ते सराफीम आणि करूब यांना. (यांतल्या पहिल्याचे मराठीत एकवचन करू नये, तो लगेच पेढीवर जाऊन बसतो.) अब्राहामाच्या तंबूपाशी भर दुपारी आलेल्या तिघांना पोथी आधी नुसते ‘माणसे’ म्हणते. ख्रिस्ती शिल्पांत आणि चित्रांत देवदूतांना पंख फुटले ते चौथ्या शतकाच्या अखेरीला. ग्रीकांनी मलाखचे भाषांतर ‘अंगेलोस’ केले. त्याचाही अर्थ निरोप्याच. तोच लॅटिनमधून पोर्तुगीजात ‘आंझु’ झाला आणि चौल, रेवदंडा, कोर्लईत १७४० पर्यंत पोर्तुगीज फिरंग्यांच्या प्रार्थनांतून ऐकू येत राहिला.

मलाखचा एक सख्खा भाऊ आहे: ‘मेलाखा’. अर्थ काम. ज्या कामावर पाठवले ते काम. शब्बाथाच्या दिवशी जे करायचे नाही ते हेच. आमच्या किनाऱ्यावरच्या तेल्यांनी शनिवारी घाणा थांबवला तो मेलाखा टाळण्यासाठी. जमातीची हिब्रू जवळपास विसरली गेली होती, शब्द हरवला होता, पण आज्ञा बैलाच्या सुट्टीत टिकून राहिली. ‘शनिवार तेली’ या नावामागे आणि देवदूताच्या नावामागे एकच धातू उभा आहे, हे कळले तेव्हा मला खंडाळ्याच्या खडकापेक्षा तो बंद घाणा जास्त मोठा पुरावा वाटला. कशाचा पुरावा, ते विचारू नका.

फारसीकडे वळले की गंमत घरात येते. ‘फरिश्ता’ हा शब्द मराठीत हिंदी सिनेमातून आला म्हणावे तर इतिहासाचे वाचक हसतील. त्यांना विजापूरच्या दरबारात बसून तवारीख लिहिणारा फरिश्ता आधीपासून ठाऊक आहे. जुन्या इराणी भाषेत ‘फ्र’ हा उपसर्ग म्हणजे आपला ‘प्र’, आणि ‘इश्’ हा धातू म्हणजे आपला ‘इष्’, धाडणे. प्र अधिक इष्, पुढे पाठवलेला: प्रेषित. फरिश्ता आणि प्रेषित हे चुलतभाऊ. मराठी बायबलाने मात्र ‘प्रेषित’ हे नाव येशूच्या बारा शिष्यांना दिले आणि मुसलमानी धर्मावर मराठीत लिहिणाऱ्यांनी ते पैगंबरांसाठी वापरले. पैगंबर म्हणजे पैगाम वाहणारा. त्यातला ‘बर’ हा आपल्या ‘भर’चा, भार वाहण्याचा नातलग. मलाख, अंगेलोस, फरिश्ता, पैगंबर, दूत. कोणत्याच भाषेने या मंडळींना रूपावरून, तेजावरून, पंखांवरून नाव दिलेले नाही. सगळ्यांनी कामावरून दिले आहे. पोस्टमनला आपण खाकीवाला म्हणत नाही, तसे.

तरीही ‘देवदूत’ मराठीत नीट रुजला नाही असे मला वाटते. वर्तमानपत्रात तो रोज आहे. २०२१ च्या जुलैत महाड बुडाले, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली. अशा वेळी जो दोर टाकतो, होडी घालतो, ढिगारा उपसतो, तो मथळ्यात ‘देवदूत’ होतो. पण त्याच माणसाला ज्याचा जीव वाचला ती बाई काय म्हणते? ‘देवासारखे धावून आलात.’ दूत मधून गळतो. ‘देव पावला’, ‘देवच भेटला’ हे आपले प्रयोग. दूत म्हटला की मराठी माणसाला आधी यमदूत आठवतो, मग रामदूत मारुती, आणि संस्कृत शिकलेला असेल तर मेघदूत. सांगावा घेऊन येणारा शुभ्र अनोळखी देवदूत आपल्या कथांत फारसा फिरकत नाही. पाण्याकाठी भेटणाऱ्यांत आपल्याकडे साती आसरा आहेत. त्या अप्सरेवरूनच आल्या. प्राकृतातल्या अच्छरेची आसरा झाली, आणि ‘आश्रय’वरून आलेल्या ‘आसरा’शी उच्चाराने एकरूप झाली. पण डोहातल्या आसरांचा आसरा कोणी घेत नाही. त्यांना खणानारळाने लांबच ठेवतात.

देवदूत का रुजला नाही, याचे माझे उत्तर पंढरपूरला आहे. मराठी देव आपली कामे स्वतः करतो. जनीबरोबर दळतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. दामाजीपंतांची गोष्ट तर या चर्चेसाठीच घडवल्यासारखी आहे. मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात बादशाही कोठारातले धान्य लोकांना वाटले. त्याला धरून बिदरला नेत असताना विठ्ठल पुढे गेला, धान्याची सगळी रक्कम दरबारात मोजली आणि पावती घेतली. गेला तो विठू महार होऊन. रूप कोणते घेतले, ते पाहण्यासारखे आहे. गावगाड्यात महाराकडे जी कामे होती त्यांत निरोप पोचवणे, सरकारी टपाल पुढच्या गावाला नेणे, वसुलाबरोबर जाणे ही होती. अंगेलोस या शब्दाचे मराठी गावातले शब्दशः भाषांतर करायचे तर ते त्या माणसाकडे बोट दाखवेल, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते. देवाला दूत व्हायचे होते तेव्हा तो तिथे गेला. गोष्ट सांगणाऱ्यांनी हे जाणून सांगितले की अजाणता, कोण जाणे. ऐकणाऱ्यांनी शतकानुशतके ऐकून वेशीची जागा हलवली नाही, एवढे खरे.

भेट झाली, हे मराठीत सांगायचे कसे? ‘मी देवदूत पाहिला’ असे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते कोणी बोलत नाही. ‘मला दर्शन झाले.’ ‘आईला दृष्टांत झाला.’ ‘त्यांना प्रचिती आली.’ ‘तिच्या अंगात आले.’ प्रत्येक ठिकाणी माणूस कर्त्याच्या जागेवरून उठून ‘ला’, ‘ना’ किंवा ‘च्या’ प्रत्यय लावून बाजूला बसतो. भूक लागते, झोप येते, आठवण होते, तसाच दृष्टांत होतो. बेने इस्राएल घरांतही एलियाहू दिसला असे सांगतात तेव्हा तो बहुधा स्वप्नात आलेला असतो, पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा, आणि वाक्य मराठीच असते: अमक्याच्या स्वप्नात आला. सांगणारा स्वतःकडे काही घेत नाही. त्यामुळे त्याला खोटे ठरवणेही अवघड जाते. झोप आली म्हणणाऱ्याशी वाद कसा घालणार?

‘दृष्टांत’ हा शब्द तर दोन्ही डगरींवर उभा आहे. न्यायशास्त्रात तो सोळा पदार्थांपैकी एक: वादी आणि प्रतिवादी दोघांनाही मान्य असलेले उदाहरण. चुलीतला धूर आणि विस्तव, हा दृष्टांत. महानुभावांच्या दृष्टांतपाठात तो बोधकथा आहे. आणि बोलीत तो स्वप्नात मिळालेला आदेश. पहिल्या अर्थाने जे सगळ्यांना दिसते ते, शेवटच्या अर्थाने जे एकालाच दिसते ते. एकाच शब्दाचा इतका उलटा प्रवास क्वचित होतो. कोणाला दृष्टांत झाला की ऐकणाऱ्यांनी पहिला अर्थ मागायचा, आणि सांगणाऱ्याजवळ फक्त शेवटचा असतो. बहुतेक भांडणे इथली.

अशा भेटी फक्त आपल्याकडच्या नाहीत. १९१६ च्या मे महिन्यात ध्रुवप्रदेश धुंडाळणारा अर्नेस्ट शॅकलटन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ३६ तासांत ओलांडून गेले. नंतर त्याने लिहिले की आपण तिघे नसून चौघे आहोत असे वाटत राहिले. सोबत्यांनाही, एकमेकांना न विचारता, तसेच वाटले होते. त्याने त्या चौथ्याला देवदूत म्हटले नाही, भास म्हणूनही झटकून टाकले नाही. थकवा, थंडी, एकटेपणा यांत मेंदू सोबती निर्माण करतो, असे आज त्यावर सांगतात. मला ते पटते. नवगावच्या वाळूत, खाऱ्या पाण्याने पोट फुगलेले, अर्धमेले पडलेले लोक डोळे उघडतात तेव्हा त्यांना कोणीतरी वाकून उठवत असल्याचे आठवणे अगदी शक्य आहे. कदाचित खरोखरच कोणीतरी उठवत असेल, एखादा कोळी. त्याचे नाव कथेत उरले नाही, एलियाहूचे उरले.

‘तुमचा यावर विश्वास आहे का’ हा प्रश्न मराठीत जरा तिऱ्हाइतासारखा वाटतो. विश्वासात ‘श्वास’ आहे. निर्धास्तपणे श्वास घेता येणे, हा मूळ भाव. श्रद्धा त्याहून जुनी: ‘श्रत्’ म्हणजे हृदय आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे, असे भाषाशास्त्रज्ञ उलगडतात. लॅटिन प्रार्थनेतला ‘क्रेडो’ हा याच जोडशब्दाचा युरोपातला अवतार. म्हणजे आळंदी आणि रोम दोघांनीही हृदय कुठेतरी ठेवण्याचीच भाषा केली. आपण रोज वापरतो ते क्रियापद मात्र ‘मानणे’. ‘तुम्ही देव मानता का?’ मानणे म्हणजे खरे धरणे आणि मानणे म्हणजे मान देणे, दोन्ही. म्हणून ‘मी एलियाहूला मानत नाही’ असे खंडाळ्याच्या खडकापाशी उभे राहून म्हणता येत नाही. ते मत राहत नाही, उद्धटपणा होतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या मागेपुढे महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्या सीमेवर जो कडाक्याचा वाद झाला, त्यात हे क्रियापद दोन्ही बाजूंना नडले असेल. भोंदूला पकडायलाच हवे, त्यात शंका नाही. पण पोह्यांच्या ताटाशी बसलेल्या घराला ‘हे खरे मानता?’ असे विचारणारा माणूस ज्या अर्थाने विचारतो, त्या अर्थाने ते घर ऐकतच नाही. मी स्वतः त्या टापा घोड्याच्या मानत नाही, आणि तिथे चप्पल काढून उभा राहतो. मानण्याचे दोन अर्थ आहेत म्हणून हे जमते.

१९४८ नंतर किनाऱ्यावरची बहुतेक बेने इस्राएल घरे इस्राएलला गेली. तिथेही मलिदा होतो. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. हैफाला कार्मेल डोंगरात एलियाची गुहा आहे, तिथे ही मंडळी जातात. काही जण सवड काढून खंडाळ्याला येतात, आणि का आलात म्हटले तर एकच उत्तर मिळते: नवस फेडायला. फेडणे म्हणजे मुळात सोडवणे, गाठ उकलणे. वस्त्र फेडतात, कर्ज फेडतात, आईचे पांग फेडतात. नवसाने माणूस बांधला जातो आणि मलिद्याने सुटतो. हिब्रूतही नवस ‘शिल्लेम’ करतात. शालोमच्या धातूतले हे क्रियापद, अर्थ चुकता करणे, पुरे करणे. जेरुसलेममध्ये भाजी घेऊन पैसे देतानाही तेच वापरतात, जसे अलिबागच्या बाजारात वाण्याची उधारीही फेडायचीच असते.